अत्यंत योग्य अधिवास

उंटावरून शेळ्या हाकणारे मी महाडात पुष्कळ पाहिले आहेत. उपग्रहावरून बेडूक हाकणारे मात्र आमचे प्रकल्पप्रमुख सर पहिलेच.

मी महाडच्या एका कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवते. काही वर्षांपूर्वी शहरातल्या एका मोठ्या संस्थेनं हवामान बदल आणि सह्याद्रीतले उभयचर असा प्रकल्प घेतला आणि त्यांना एक स्थानिक सहकारी हवा होता. म्हणजे रस्ते माहीत असलेला, जेवणाची सोय लावणारा आणि निबंधावर नाव सगळ्यात शेवटी आलं तरी न रुसणारा. हे तिन्ही गुण माझ्यात आहेत असं कुणीतरी त्यांना सांगितलं. उभयचर म्हणजे पाण्यात आणि जमिनीवर दोन्हीकडे राहणारा प्राणी. महाडकराला त्याचं फारसं कौतुक वाटायचं कारण नाही, सावित्रीला पूर आला की आम्हीही तेच करतो.

काम ऐकायला सोपं होतं. आज बेडूक जिथे सापडतो त्या जागा टिपायच्या. तिथे पाऊस किती, ऊन किती, गारवा किती, हे संगणकाला सांगायचं. मग पुढे हवा तापली, पाऊस लहरी झाला, तर बेडकाला मानवेल अशी हवा कुठे उरेल, हे संगणक हुडकतो आणि नकाशा रंगवून देतो. याला मॉडेल म्हणतात. आमच्या घरी याला शितावरून भाताची परीक्षा म्हणतात, फक्त शीत कुठल्या पातेल्यातलं हे कुणी विचारायचं नसतं.

मी विचारलं, तिथेच माझं चुकलं. आमची गाडी जिथवर जाई तिथवरच आम्ही बेडूक शोधत होतो. गाडी डांबरी रस्ता सोडत नव्हती आणि सर चहा सोडत नव्हते. त्यामुळे पहिल्या नकाशात महाड-पोलादपूरचे बेडूक हमरस्त्याच्या कडेनं, टपऱ्या धरून राहतात असं निघालं. सर म्हणाले, याला नमुन्यातला कल म्हणतात आणि तो दुरुस्त करायचं गणित आहे. गणित केलं. मग संगणकानं सव गावच्या गरम पाण्याच्या झऱ्यांवरही बेडकांना जागा दिली, कारण त्याच्या एका चौकोनात अख्खं गाव बसत होतं आणि कुंडातलं पाणी अंग पोळवतं ही बातमी उपग्रहापर्यंत गेली नव्हती. मी ते दाखवलं तेव्हा सरांनी माझ्याकडे कूपमंडूकाकडे पाहावं तसं पाहिलं. एवढ्या मोठ्या प्रमाणावर असल्या बारीक गोष्टी दिसत नाहीत, असं त्यांनी समजावलं.

सर माणूस वाईट नव्हते. त्यांना बेडकांची खरोखर काळजी होती. सन दोन हजार सत्तरबद्दल ते इतक्या सहज बोलत की पुढच्या महिन्यातलं लग्न असावं. यंदाच्या श्रावणाबद्दल विचारलं की मात्र ते हवामान नव्हे, ती रोजची हवा, असं म्हणून विषय संपवत.

दुसऱ्या वर्षी मी हट्टानं त्यांना डांबर सोडायला लावलं आणि उमरठच्या पलीकडे, चढणीवरच्या एका वाडीत नेलं. गाडी खाली ठेवून अर्धा डोंगर चालावं लागतं. सरांनी वाटेत तीनदा विचारलं की इथे बेडूक आहेत हे नक्की ना. होते, भरपूर होते. दगडाखाली, पाझराच्या कडेला, गोठ्याच्या ओट्याखाली. सर हरखून गेले. माती ओली, सावली दाट, डोंगरातून बारमाही झिरपणारं पाणी. बेडकाला याहून बरी जागा या तालुक्यात नाही, असं ते एका दगडावर बसून धापा टाकत म्हणाले.

वाडीतल्या लोकांना त्या जागेबद्दल वेगळं वाटत होतं. वाडीच्या माथ्यावर डोंगराला भेग गेली होती आणि दर पावसाळ्यात ती थोडी रुंदावत होती. तळीये गाव दरडीखाली गेल्यापासून आमच्याकडे लोकांना अशा भेगेकडे पाठ करून झोप येत नाही. तळीयेनंतर तालुक्यात नकाशेही आले, त्यात धोक्याच्या वाड्या लाल, जरा बऱ्या त्या पिवळ्या. लाल वाडीला सरकार खाली जागा देणार, पिवळीनं वाट बघायची. ही वाडी पिवळी होती. कुठल्या साहेबानं, कुठून, कशावरून पिवळी केली हे कुणालाच माहीत नव्हतं. तेव्हापासून या भागात लाल रंगाला एवढी किंमत आली आहे की बायका आमची वाडी लाल होऊ दे म्हणून देवाला नारळ ठेवतात.

तिथल्या अंगणवाडीच्या ताईशी माझी ओळख झाली ती बेडकांमुळेच. तिचं घर वाडीतलं शेवटचं, मागची भिंत डोंगराला टेकलेली. नवरा मुंबईला वॉचमन, घरात दोन मुली आणि सासरे. वाडीतली बरीच कुटुंबं पाऊस जोरात लागला की आपापली गाठोडी घेऊन खालच्या गावातल्या शाळेत जाऊन राहायची, कुणाच्या परवानगीची वाट न बघता. ताईचे सासरे जात नसत. म्हातारबांचं म्हणणं एकच होतं, सरकारनं धोका हाय असं लिहून दिलं तर मी उद्या उतरतो, लोकांच्या भ्यानं उतरणार नाय. आणि त्यांना एकटं टाकून सुनेला जाता येत नव्हतं. म्हणून सगळी वाडी खाली शाळेत असायची तेव्हा ही बाई दोन मुलींना कुशीत घेऊन त्या भिंतीला टेकून असायची. सरकारचा एक कागद तिला हवा होता, तिला स्वतःला नव्हे, सासऱ्यांना दाखवायला.

आमचा नकाशा तयार झाला. लोकांच्या भाषेत लोकांना निष्कर्ष सांगणे ही प्रकल्पाची अट होती, कारण ज्यांनी पैसे दिले होते त्यांना फोटो हवे होते. मराठी शब्दांसाठी बैठक झाली. मी सुचवलं, सरळ लिहू, बेडकांना राहण्याजोगी जागा. एक तज्ज्ञ म्हणाले, हे फार घरगुती होतं. शास्त्रीय शब्द अधिवास. मी म्हटलं, अहो, इथे अधिवास म्हटलं की माणसं दाखला काढायला रांगेत उभी राहतात, बेडूक कुणाच्या डोक्यात येणार नाही. त्यावर सगळे हसले आणि अधिवास कायम झाला.

मग महाडच्या फ्लेक्सवाल्याकडे फ्लेक्स करायला टाकला. आमचा फ्लेक्सवाला कसलेला माणूस आहे, त्याच्या हातून वाढदिवस आणि श्रद्धांजली यांत आजवर फक्त एकदाच अदलाबदल झाली आहे. त्यानं नकाशा छान छापला. वरच्या बाजूला दोरी ओवायला कापड दुमडून शिवतात, त्या दुमडीत मथळ्याची पहिली ओळ गेली. पहिली ओळ होती, 'पश्चिम घाटातील बेडकांसाठी'. उरलं ते असं: 'योग्य अधिवास, सन २०७०'. खाली रंगांची पट्टी, निळा म्हणजे अयोग्य, पिवळा म्हणजे मध्यम, लाल म्हणजे अत्यंत योग्य. संगणकाच्या जगात लाल म्हणजे उत्तम. हा रिवाज ज्यानं पाडला तो आमच्या तालुक्यातला नसावा.

वाडीच्या देवळात फ्लेक्स बांधला आणि सरांनी भाषण केलं. हवा तापत जाईल तसे खालचे बेडूक हळूहळू वर सरकतील, आणि जे प्राणी सरकतील ते तगतील, असं त्यांनी सांगितलं. मागून एकानं विचारलं की वर सरकायला बेडकाला सातबारा लागत नाय का. सर म्हणाले, आम्ही मॉडेलमध्ये अडथळा नाही असं गृहीत धरलं आहे. सभा बराच वेळ हसत होती आणि सरांना वाटलं की विषय लोकांपर्यंत पोचला.

पण सगळ्यांचे डोळे नकाशावर खिळले होते. त्यांची वाडी लाल होती. नुसती लाल नाही, कुंकवासारखी लाल. हा नकाशा बेडकांचा आहे हे तिथल्या शेंबड्या पोरालाही कळलं होतं, त्यात कुणाची फसगत झाली नाही. पण ताईनं मोबाइल काढून फ्लेक्सचा फोटो घेतला, आणि परतताना मी विचारलं तेव्हा सरळ सांगितलं, "मॅडम, साहेब लोक वाचीत नायत, रंग बघतात. एकदा लाल दिसला म्हंजी झालं." फोटो स्थलांतराच्या अर्जाला जोडून ती तहसील कचेरीत देणार होती. मला हसू आलं आणि मी तिला अडवलं नाही. ज्या कचेरीत तिच्या आधीच्या अर्जांना नुसती धूळ खावी लागली, तिथे बेडकाच्या पाठीवर बसून तिचा अर्ज आत गेला तर माझी काय हरकत असणार होती.

साहेबांनी नेमकं त्या दिवशी वाचलं.

उत्तर आलं ते इतक्या लवकर आलं की वाडीला त्याचाच संशय यायला हवा होता. सोबत सादर केलेल्या नकाशाचे अवलोकन केले असता सदर ठिकाण सन २०७० पर्यंत अधिवासास अत्यंत योग्य असल्याचे दिसून येते, सबब स्थलांतराची मागणी निकाली काढण्यात येत आहे. खाली सही, शिक्का. माणसानं आयुष्यभर न वाचता सह्या कराव्यात आणि एकदाच वाचावं तर हे वाचावं. ताईनं फोनवर मला ते वाचून दाखवलं. ती रडत नव्हती, पण प्रत्येक शब्दानंतर थांबत होती.

तिची खरी अडचण पुढे होती. सरकारनं लिहून दिलं तर उतरेन, असं म्हणणाऱ्या माणसाला सरकारनं लिहून दिलं होतं. म्हातारबांनी तो कागद देवळात दोनदा मोठ्यानं वाचून घेतला आणि मग प्लास्टिकच्या पिशवीत घालून तुळईला खोचला. आता त्यांना हलवणं ब्रह्मदेवाच्या बापाला शक्य नव्हतं, आणि पाऊस तोंडावर आला होता.

मी कचेरीत गेले. साहेब सौजन्यानं वागले, चहा मागवला. हा बेडकांचा नकाशा आहे म्हटल्यावर त्यांनी अर्जाला जोडलेला फोटो पुन्हा पाहिला, मग म्हणाले की तसं नकाशावर कुठे लिहिलेलं नाही. ती ओळ दुमडीत गेली, असं मी सांगितलं. दुमडीतल्या ओळीची दखल घेण्याची तरतूद नाही, असं ते म्हणाले. नकाशा चुकीचा असल्याचं संस्थेचं पत्र आणा, मी फेरविचार करतो.

मी सरांना फोन लावला. सर दुखावले. नकाशा चुकीचा नाही, म्हणाले, वाडी खरोखरच अत्यंत योग्य आहे. मी म्हटलं, बेडकांना. ते म्हणाले, अर्थात. मग तेवढंच पत्रात लिहा ना, मी म्हटलं, हा नकाशा माणसांसाठी नाही. त्यावर सरांच्या आवाजात एकदम आनंद मावेना. म्हणजे स्थानिक प्रशासनानं आपला नकाशा निर्णयासाठी वापरला, असं त्यांनी मला विचारलं. वर्षअखेरच्या अहवालात त्यासाठी वेगळा रकाना होता आणि आजवर तो कोराच राहिला होता. पत्र देऊ, नक्की देऊ, पण आधी अहवाल जाऊ दे, समितीपुढे मांडावं लागेल. मी फोन ठेवला. इतका राग मला क्वचितच आला आहे. साहेबांचा, सरांचा, फ्लेक्सवाल्याचा आणि अधिवास या शब्दावर हसलेल्या त्या सगळ्या बैठकीचा मला एकदमच राग आला आणि तो कुणावर काढावा हे कळेना.

म्हणून मी वाडीत गेले. पाऊस लागला होता, खालच्या शाळेत चुली पेटल्या होत्या आणि वर म्हातारबांच्या घरातून तेवढा धूर येत होता. ते पडवीत तंबाखू मळत बसले होते. ताई आत मुलींचे केस विंचरत होती, पण तिचा कान आमच्याकडे होता. मी म्हातारबांना सरळ सांगितलं, आजोबा, तो कागद तुमचा नाही, बेडकाचा आहे. नकाशा बेडकांचा होता, सरकारनं चुकून तो तुमच्या नावावर घातला.

ते अजिबात गडबडले नाहीत. त्यांना ते माहीत होतं. बेडूक राहू शकतो तिथे माणूस का राहू शकत नाही, हा त्यांचा सवाल होता. बेडूक काय येडा हाय काय, त्याला जिवाची भीती नाय काय. आणि पुरावा म्हणून त्यांनी मला मागच्या भिंतीकडे नेलं. यंदा पाऊस लागल्यापासून त्या भिंतीच्या फटीत बेडूक राहत होता. आधी कधी नव्हता, हे त्यांनी अभिमानानं सांगितलं, जणू पाव्हणा घर बघून मुक्कामाला आला होता. फटीतून तो दोन डोळे रोखून आमच्याकडे बघत होता. भिंत हाताला गार लागली आणि हात ओला झाला.

मी वर्गात उभयचरांची त्वचा हा धडा दरवर्षी शिकवते. मुलं त्यात झोपतात. त्या दिवशी मी तोच धडा एका म्हाताऱ्याला त्याच्या भिंतीसमोर उभी राहून शिकवला. बेडूक कातडीतून श्वास घेतो, आजोबा. कातडी सुकली तर तो मरतो. कोरड्या भिंतीत तो एक दिवस काढणार नाही. आधी इथे बेडूक नव्हता कारण आधी भिंत कोरडी होती.

त्यांची तंबाखूची चिमूट तोंडाकडे नेलेली तशीच राहिली.

"म्हंजी हा आला," ते म्हणाले, "म्हंजी डोंगराचं पानी माझ्या घरात आलं."

मी हो म्हटलं.

"त्याला जितं बरं, तितं आपलं वाईट."

एवढं बोलून त्यांनी भिंतीवर हात फिरवला, सगळी भिंत, या टोकापासून त्या टोकापर्यंत. मग आत वळून सुनेला म्हणाले, कोंबड्या डाल गो, खाली जायचंय. तुळईतला कागद त्यांनी तसाच ठेवला. ताईनं मुलींच्या वेण्या अर्ध्यावर सोडल्या. मी छत्री धरून त्यांच्यामागून उतरले आणि उतरताना मला एवढा आनंद झाला होता की दोनदा घसरून पडले तरी काही वाटलं नाही. अख्ख्या प्रकल्पाचा एवढाच उपयोग झाला असेल तर पैसे वसूल झाले, असं मी मनात म्हणत होते.

दरड आली नाही.

हे मी आनंदानंच सांगायला हवं आणि आनंद आहेच. भात कापणीला आलं, वाडी शाळेतून वर गेली, म्हातारबाही गेले. घर जसंच्या तसं उभं होतं. भिंत सुकली होती आणि बेडूक नव्हता. पाऊस सरला की तो मातीत खोल शिरतो, हे मी वर्गात शिकवते, पण त्या दिवशी भिंतीसमोर सांगायचं राहून गेलं. म्हातारबांनी आपला निष्कर्ष आपणच काढला, बेडूक गेला, धोका गेला. निष्कर्ष काढायची त्यांची रीत आमच्या प्रकल्पापेक्षा वेगळी नव्हती, एक बेडूक आणि एक पावसाळा, फक्त त्यांनी नकाशा रंगवला नाही.

संस्थेचं पत्र अजून समितीपुढे आहे. अहवाल मात्र वेळेवर गेला आणि त्या रकान्यात आमच्या वाडीचा उल्लेख आला, नकाशाचा प्रशासकीय निर्णयात प्रत्यक्ष वापर. सरांना पुढच्या टप्प्यासाठी पैसे मिळाले. कचेरीतल्या साहेबांनी वाडीत दरड न आल्याची नोंद घेतली असून तिथे यंदाही पिवळाच रंग आहे. तेही खरे ठरले, सरही खरे ठरले. खोटी ठरलेय ती मी.

परवा, वैशाखाच्या उन्हात, ताई मला पोलादपूरच्या एसटी स्टँडवर भेटली. आधी तिनं माझ्या आईची तब्येत विचारली, मग मुलींची शाळा सांगितली. भेग या उन्हाळ्यात हात जाईल एवढी झाली आहे, हेही त्याच आवाजात सांगितलं. मी म्हटलं, पाऊस लागला की मी पुन्हा येते, आजोबांशी बोलते, ते माझं ऐकतात.

ती माझ्याकडे बघून हसली, लहान मुलाला बघून हसावं तसं.

"काय सांगनार तुमी? भिंतीत बेडूक आला म्हनून? ते म्हनतील, गेल्या वरशी पन आलावता, काय झालं. आता त्यांना कंचा बेडूक दावू, मॅडम?"